दोनशे रुपयांची पावती

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आधी रिलीज, मग रिलीजमधले बग, मग बग काढताना घातलेले नवे बग... तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही त्याच होडीतले. असो. हा लेख मात्र रिलीजमुळे राहिला नव्हता. तो मीच लांबवत होतो.

माझं गाव शिरोळ. पुण्यात 'शिरोळ' म्हटलं की समोरच्याचा चेहरा कोरा असतो, 'नरसोबाच्या वाडीजवळ' म्हटलं की ओळख पटते, आणि २०१९पासून 'तो पूर येतो ना, तिथलं' एवढं म्हटलं तरी पुरतं. वाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींना भेटतात, आणि दर काही वर्षांनी त्या आम्हालाही भेटायला घरात येतात. ऑगस्ट २०१९मध्ये हायवे कित्येक दिवस बंद होता. तो सुरू झाल्याबरोबर मी आई-अण्णांना आणायला निघालो. ती दोघं उंचावरच्या एका शाळेत बाकीच्या गावाबरोबर मुक्कामाला होती. वर्गाच्या फळ्यावर अजून कुठल्यातरी कवितेचे शब्दार्थ लिहिलेले होते आणि खाली चटयांवर पन्नासेक माणसं.

भात वाढणाऱ्यांत माझा एक वर्गमित्र होता. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे मी इंजिनियरिंगला गेलो, तो बी.कॉम. करून एका मोठ्या शहरात नोकरीला लागला आणि वर्षभरात नोकरी सोडून गावी परत आला. का, ते कोणालाच कळलं नाही. लग्न केलं नाही. शेती बघतो. दिवाळीला भेटला की मी न चुकता म्हणायचो, "काय मर्दा, तुला शहर झेपलं न्हाय!" आणि तो हसायचा. वीस वर्षं हा विनोद मी केला, आणि वीस वर्षं तो हसला.

त्या रात्री शाळेच्या पायऱ्यांवर बसलो होतो. लाईट नव्हतीच. थोडा वेळ पाण्याच्या आणि उसाच्या गप्पा झाल्या. मग त्याने मध्येच विचारलं, "ते ३७७ कलम गेलं म्हणं. खरं हाय काय?"

मी म्हटलं, हो, गेल्या वर्षीच. सप्टेंबरात.

"म्हंजे आता धरत न्हाईत?"

प्रश्न त्याने इतका सहज विचारला की मला कळायला काही सेकंद लागले. मग त्याने सांगितलं. १९९९ साल. त्या शहरातली एक बाग, संध्याकाळची वेळ, तो आणि आणखी एकजण बाकावर बसलेले. नुसते बसलेले. दोन पोलीस आले. कलमाचा आकडा सांगितला, जन्मठेप असते म्हणाले (शिक्षेची कमाल मर्यादा खरोखर तेवढी होती, त्यात ते खोटं बोलले नाहीत). खिशातले सातशे रुपये आणि हातातलं घड्याळ घेतलं. आणि मग घरचा पत्ता लिहून घेतला. त्यातला एकजण नंतर दर पगाराच्या आठवड्यात खोलीवर यायचा. मारहाण नाही, शिव्यासुद्धा नाहीत. दारात उभा राहून एवढंच विचारायचा, "मग? शिरोळला एक पत्र टाकू?" सात महिने हे चाललं. आठव्या महिन्यात माझा मित्र नोकरी सोडून एस.टी.त बसला.

मला काय बोलावं ते सुचेना. वीस वर्षांचा तो विनोद डोक्यात घुमत होता. त्याने मात्र पुढे जे विचारलं त्यानं माझी झोप उडवली. म्हणाला, "तवा कुणाला इचारायची सोय न्हवती रं. अशी सोय आपल्यात कधीच न्हवती काय? मराठीत?"

होती. मला त्या रात्री माहीत नव्हतं, पण होती. आणि सरकारनं ती खटला भरून मोडायचा प्रयत्न केला होता, तोही आमच्या जन्माच्या चाळीसेक वर्षं आधी. पुण्याला परत आल्यावर मी शोधाशोध सुरू केली. त्यातून जे हाती लागलं त्याबद्दल हा लेख आहे.

गणिताचे प्राध्यापक

रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' (२००१) पाहिला असेल तर किशोर कदमचा तो हट्टी, शांत, थोडासा चिडचिडा माणूस आठवेल. आपल्याला शाळेत महर्षी शिकवतात, चिरंजीव शिकवत नाहीत. त्यामागचं कारण उघड आहे :)

जन्म १८८२चा. मॅट्रिकला १८९९मध्ये पहिले आले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनचं पहिलं असं केंद्र त्याच वर्षी उघडलं. म्हणजे विषय जगालाच नवा होता, आणि इथे गिरगावातला एक प्राध्यापक तो एकट्यानं रेटत होता. विल्सन हे मिशनऱ्यांचं कॉलेज, त्यांना ते रुचलं नाही. नोकरी गेली.

जुलै १९२७मध्ये कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक सुरू केलं आणि १९५३मध्ये मरेपर्यंत ते चालवलं. संपादन तेच करायचे, बराचसा मजकूरही तेच लिहायचे, आणि तोटाही तेच सोसायचे. स्टार्टअपवाल्यांनो, सव्वीस वर्षं बिना-फंडिंगचं प्रॉडक्ट! मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. हा त्यांचा मुद्दाम केलेला आग्रह होता. शरीरात लाजण्यासारखं काही नाही हे सांगायचं तर ते कव्हरवरच सांगायला हवं, असं त्यांचं सरळ गणिती तर्कशास्त्र. जुने अंक आता स्कॅन होऊन नेटवर वाचायला मिळतात. मी एका शनिवारी वाचायला बसलो आणि रविवारी रात्री उठलो. भाषा कोरडी आहे. चावट काही मिळेल या आशेनं कोणी अंक उघडला तर दुसऱ्या पानावर जांभई देईल. पण माणूस वाकत नाही. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून त्याने शब्द मऊ केलाय असं एकदाही दिसलं नाही.

मासिकात वाचक प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरं देत. डॉक्टरला विचारता येत नाही, बापाला विचारता येत नाही, मित्राला विचारलं तर तो हसेल, अशा गोष्टी. हे सदर म्हणजेच माझा मित्र विचारत होता ती सोय.

पहिला खटला, दुसरा खटला

१९३१मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखाबद्दल कर्व्यांना अटक झाली. पुण्यातल्या सनातनी मंडळींनी तक्रार केली होती. शंभर रुपये दंड झाला, वरच्या कोर्टातलं अपीलही फेटाळलं गेलं. इथे एक गंमत बघा. कर्व्यांची नोकरी घेतली ती ख्रिस्ती मिशनऱ्यांनी, त्यांच्यावर खटला चालवला तो इंग्रजी कायद्यानं, आणि तक्रार होती पुण्याच्या हिंदू सनातन्यांची. एरवी ही तीन टोकं एका पंगतीला बसली नसती. (पुढे २००९नंतरही हेच दिसलं. दिल्ली हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध सुप्रीम कोर्टात कोण कोण गेलं त्याची यादी काढून बघा : एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, ख्रिस्ती संघटना. सर्वधर्मसमभाव इतर कुठल्या बाबतीत एवढा जमल्याचं मला आठवत नाही.)

१९३४च्या फेब्रुवारीत पुन्हा अटक. या वेळी आक्षेप लेखावर नव्हता, प्रश्नोत्तरांवर होता. वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल आणि समलिंगी संबंधांबद्दल विचारलं होतं आणि कर्व्यांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे सरळ उत्तरं दिली होती. कलम तेच, भारतीय दंडसंहितेतलं २९२. अश्लील मजकूर छापणे, विकणे, बाळगणे.

आणि या खटल्यात कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर.

मला हे माहीत नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं? बाबासाहेबांची वर्षं आपल्याला पाठ असतात. १९२७ महाड, १९३० काळाराम मंदिर, १९३२ पुणे करार. १९३४ला आपण काहीच लिहीत नाही. त्या दोन-तीन वर्षांत या माणसाच्या अंगावर काय काय होतं याचा विचार करा. गोलमेज परिषदा, पुणे करारानंतरचं राजकारण, नाशिकचा सत्याग्रह, शिवाय पोटापाण्याची वकिली. देशभरचे सनातनी आधीच अंगावर आलेले असताना, ज्यातून एक मत मिळणार नाही आणि फीही बेताचीच मिळणार, असा खटला त्यांनी घेतला. तोही कोणासाठी, तर कोकणस्थ ब्राह्मण असलेल्या एका नास्तिक प्राध्यापकासाठी.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत खटला चालला. आंबेडकरांच्या युक्तिवादाबद्दल जे लिहिलं गेलंय त्याचा गोषवारा असा. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं लेखन अश्लील ठरत नाही. मासिक याच विषयाला वाहिलेलं आहे, तिथे वाचक याच विषयाचे प्रश्न विचारणार. त्यावर न्यायाधीशांचा रोख असा की, असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला? आंबेडकरांचं म्हणणं होतं की विकृती असेलच तर ती ज्ञानानं जाईल, दुसऱ्या कशानं जाणार? त्यांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा दाखला दिला. काही माणसांची ओढ जन्मतःच अशी असेल तर त्यात गैर काही नाही, आणि आपल्या पद्धतीनं सुख मिळवण्याचा त्यांना हक्क आहे, इथवर ते गेले.

साल १९३४. इंग्लंडमध्ये प्रौढ पुरुषांमधले खाजगी संबंध गुन्हा उरले नाहीत ते १९६७मध्ये. भारतात २०१८मध्ये. मुंबईच्या कोर्टात हे बोललं गेलं त्याला तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षं झाली होती.

खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

'कोणाच्या हातात पडलं तर'

कायदेशीर भाग थोडक्यात उरकतो, पण वगळता येत नाही. तेव्हा अश्लीलतेची कसोटी होती ती इंग्लंडमधल्या १८६८च्या एका निकालातली, 'हिक्लिन'ची. मजकूर ज्याच्या हातात पडू शकतो त्यातल्या सगळ्यात कच्च्या मनाच्या वाचकावर त्याचा परिणाम काय होईल ते बघायचं. म्हणजे सगळ्यात कमजोर ब्राउजर धरून अख्खी साईट डिझाईन करायची. इंटरनेट एक्स्प्लोरर सिक्ससाठी कोड लिहिलेल्यांना ही यातना कळेल.

या कसोटीत एक गोष्ट बसतच नव्हती : ज्यानं प्रश्न विचारला तो माणूस. कोर्टात मजकूर होता, संपादक होता, बिघडू शकणारा काल्पनिक वाचक होता. पत्र लिहिणारा खराखुरा वाचक कुठेच नव्हता. त्याला मिळालेल्या उत्तरानं त्याचं काय झालं हे विचारायला कोणी त्याला बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तर तो आला नसता, कारण ३७७ त्याच्या डोक्यावर होतं. दोन कलमांची ही जोडी फार चोख काम करत होती. एका कलमानं तुम्ही गुन्हेगार, आणि तुम्ही गुन्हेगार का असू नये हे तुम्हाला सांगेल तो दुसऱ्या कलमानं गुन्हेगार.

हा जुना इतिहास वाटत असेल तर लखनौ बघा. जुलै २००१. एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी समलिंगी पुरुषांमध्ये काम करणाऱ्या संस्थांचे चार कार्यकर्ते पोलिसांनी उचलले. कार्यालयात माहितीपत्रकं सापडली, कंडोम कसा वापरावा वगैरे. कलमं लावली त्यांत ३७७ आणि २९२, दोन्ही. ते सत्तेचाळीस दिवस आत होते. माहितीपत्रक म्हणजे अश्लील मजकूर! कर्व्यांचाच खटला, सदुसष्ट वर्षांनी, फक्त या वेळी रोगानं माणसं मरत होती.

त्याच वर्षाच्या अखेरीला नाझ फाउंडेशननं दिल्ली हायकोर्टात ३७७ला आव्हान दिलं. २ जुलै २००९ला निकाल आला. खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा (मूळ सोलापूरचे, बरं का) आणि न्या. मुरलीधर. लोकांची नैतिकता वेगळी आणि संविधानाची नैतिकता वेगळी, असा त्या निकालाचा कणा आहे, आणि त्यासाठी आधार घेतलाय तो आंबेडकरांच्या संविधान सभेतल्या भाषणांचा. पुढे २०१३मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला आणि २०१८मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो पुन्हा उभा केला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ नाहीच. अश्लील मजकुराचं कलम मात्र आहे, नंबर बदलून २९४. सुप्रीम कोर्टानं २०१४मध्ये हिक्लिनची कसोटी टाकून दिली हे त्यातलं समाधान.

धर्माचं काय?

इथे मला जरा थांबायचंय, कारण माझे पुण्यातले मित्र हा विषय निघाला की लगेच 'धर्म म्हणजेच अडाणीपणा' असं म्हणून मोकळे होतात. शिरोळमध्ये वाढलेल्या माणसाला ते इतकं सोपं वाटत नाही.

लहानपणी मंगळवारी-शुक्रवारी दारात जोगती यायच्या, आणि त्यांच्याबरोबर जोगतेही. लुगडं नेसलेले, कपाळाला भंडारा, डोक्यावर यल्लम्माचा जग, हातात चौंडकं. आई पदर डोक्यावर घेऊन जोगवा वाढायची आणि पाया पडायची. आजीनं तर एकदा मला मान धरून वाकवलं होतं. पुरुषाच्या देहात बाईपण असू शकतं ही गोष्ट आमच्या गल्लीत देवीच्या नावानं मान्य होती. मी त्याला स्वातंत्र्य म्हणणार नाही. त्या प्रथेत काय काय भरडलं गेलं ते राजन गवसांच्या कादंबऱ्या वाचलेल्यांना सांगायला नको. शिवाय जोगता असणं आणि समलिंगी असणं या एकच गोष्टी नाहीत. पण 'आपल्या धर्मात हे असलं नाहीच' असं कोणी सांगायला लागलं की मला आजीचा मानेवरचा हात आठवतो. ३७७मधले 'निसर्गक्रमाविरुद्ध' हे शब्द आमच्या आजीचे नव्हते. ते मेकॉलेच्या कमिशनपासून सुरू होऊन १८६०च्या दंडसंहितेत आले, आणि त्यांच्या मागे चर्चचा शेकडो वर्षांचा विचार होता.

पण उलट बाजूही मांडली पाहिजे. ज्याला श्रद्धेपोटी हे पाप वाटतं त्याला तसं म्हणायचा हक्क आहे की नाही? माझं मत : आहे. प्रवचनात म्हणू दे, चौकात म्हणू दे.

मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये ऑनसाईट होतो. तिथल्या एका सहकाऱ्यानं मला हॅरी हॅमंडची केस सांगितली होती. बोर्नमथ, ऑक्टोबर २००१, म्हणजे लखनौच्या अटका झाल्या त्याच वर्षी. एक वृद्ध रस्त्यावरचा धर्मोपदेशक समलैंगिकता थांबवा असा फलक घेऊन चौकात उभा राहिला. गर्दी जमली, त्याच्यावर चिखल आणि पाणी फेकलं, धक्काबुक्की केली. पोलीस आले आणि त्यांनी अटक कोणाला केली? हॅमंडला. दंड तीनशे पौंड. पुढे तो वारला, आणि २००४मध्ये वरच्या कोर्टानंही शिक्षा कायम ठेवली. तो फलक मला मुळीच आवडला नसता. पण चिखल फेकणारे मोकळे आणि चिखलानं माखलेला आत, हे मला कोणी कितीही समजावलं तरी पटत नाही. ज्या कलमाखाली हॅमंडला शिक्षा झाली त्यातला 'अपमानकारक' हा शब्द ब्रिटिश संसदेनं २०१३मध्ये काढून टाकला.

आता हे आपल्याकडच्या प्रसंगाशेजारी ठेवून बघा. २ डिसेंबर १९९८, मुंबई. दीपा मेहतांचा 'फायर' सेन्सॉरनं पास केलेला. गोरेगावच्या थिएटरवर शिवसेनेच्या महिला आघाडीचा मोर्चा येतो, काचा फुटतात, खेळ बंद. सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे जातो. फेब्रुवारी १९९९मध्ये तो पुन्हा पास होतो, काटछाट न करता, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. किंवा नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या लाईक केल्या. पोलिसांनी दोघींना अटक केली. लाईकबद्दल! त्या प्रकरणात पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि ज्या ६६-अ कलमाचा वापर झाला ते २०१५मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केलं.

कर्वे, हॅमंड, पालघरच्या मुली, बागेतला माझा मित्र. यांच्यात विचारांचं साम्य शून्य. हॅमंड आणि कर्वे समोरासमोर आले असते तर एकमेकांचं तोंड बघितलं नसतं. पण पोलिसांच्या बाजूनं बघितलं की चौघांत एकच गोष्ट दिसते. समोर गर्दी आहे आणि इकडे एक-दोन माणसं. गर्दीला आवरायला पन्नास शिपाई लागतात, एकाला उचलायला दोन पुरतात. मला वाटतं यात धर्मापेक्षा आणि नीतीपेक्षा हा साधा हिशेब जास्त असतो. पोलीस वाईट असतात असं मी म्हणत नाहीये (माझा चुलतभाऊ पोलिसात आहे, त्याच्या ड्यूट्या मी बघतो). पण एवढं ढिलं कलम हातात दिलं की सगळ्यात स्वस्त मार्ग निवडला जाणार. तामिळनाडूनं २०२२मध्ये पोलिसांच्या आचारनियमांत तरतूद केली की एलजीबीटी माणसांना त्रास दिला तर तो शिस्तभंग. तीही सहजासहजी नाही, मद्रास हायकोर्टाच्या न्या. आनंद वेंकटेश यांच्यासमोर दोन तरुणी संरक्षण मागत आल्या त्या प्रकरणातून. महाराष्ट्रात एवढं छोटं वाक्य लिहायला काय हरकत आहे, हे मला कोणी सांगेल का?

पावती

कर्व्यांचे दोनशे रुपये मला सारखे त्या सातशे रुपयांशेजारी दिसतात. १९३४चे दोनशे म्हणजे नोकरी गेलेल्या माणसाला जड रक्कम. पण तो दंड उघड्या कोर्टात झाला. त्याची नोंद आहे, त्यावर वाद झाला, बाजूनं आंबेडकर बोलले. म्हणूनच नव्वद वर्षांनी मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून त्यावर लिहू शकतो. माझ्या मित्राच्या सातशे रुपयांचा, घड्याळाचा आणि सात पगारांचा लॉग कुठेच नाही. १९९९च्या त्या बागेत कोणती एंट्री झाली नाही, डायरी नाही, गुन्हा नाही. कायद्याच्या दृष्टीनं त्याच्यावर ३७७ कधीच लागलं नाही. आकडेवारीत तो 'कारवाई नाही' मध्ये मोडतो.

आणि कर्व्यांनी दंड भरून काय केलं? पुढचा अंक काढला. १९३८मध्ये मुंबईच्या विधिमंडळात आंबेडकरांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही पडला. हरण्याची या दोघांना चांगलीच सवय होती.

गंमत म्हणजे १९३४मध्ये शिरोळ इंग्रजांच्या मुलखात नव्हतंच, कोल्हापूर संस्थानात होतं. नदीपलीकडचं कुरुंदवाड पटवर्धनांचं. मुंबईच्या कोर्टाचा हुकूम इथे सरळ चालत नव्हता. १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि आम्हाला मतदान, शाळा, एस.टी. या सगळ्याबरोबर २९२ आणि ३७७सुद्धा थेट मुंबईचं मिळालं.

मागच्या महिन्यात गावी जाताना मी ठरवलं की समाजस्वास्थ्यचे दोन-तीन जुने अंक छापून त्याच्यासाठी न्यायचे. तो मोबाईलवर वाचत नाही, डोळे दुखतात म्हणतो. ऑफिसच्या प्रिंटरवर छापायचं धाडस झालं नाही. पेन ड्राईव्ह घेऊन सोसायटीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. त्याने फाईल उघडली, स्क्रीनवर पहिलंच पान आलं, ते मुखपृष्ठ. मागे रांगेत दोन कॉलेजच्या मुली आणि एक आजोबा. झेरॉक्सवाला माझ्याकडे बघायला लागला. मी घाईघाईनं म्हटलं, "ते पान नको. दुसऱ्या पानापासून."

शिरोळला घरामागच्या कट्ट्यावर बसून त्याने ती पानं चाळली. प्रश्नोत्तरांशी आल्यावर बराच वेळ वाचत राहिला. मग त्याने गठ्ठा उलटापालटा करून पाहिला.

"ह्याला कव्हर न्हाय?" म्हणाला.

"होतं," मी म्हटलं.